स्लायडिंग टेबल सॉ: माल ढकलू नका, टेबलावरून न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. साध्या टेबल सॉवर (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडने लाकूड कापायचं मशीन) बरीच वर्षं काम केलेल्या एका वर्कशॉपमध्ये नुकताच ३२०० मि.मी. लांबीच्या सरकत्या टेबलाचा स्लायडिंग टेबल सॉ आला. पहिल्या काही आठवड्यांतच तीन तक्रारी पुढे आल्या. लॅमिनेटच्या शीटची खालची कड चिपते (तिचे बारीक टवके उडतात), सॉलिड लाकूड फाडताना, म्हणजे रेषेच्या दिशेने कापताना, कड काळी पडते, आणि एकदा तळहाताएवढा तुकडा उडून ऑपरेटरच्या पोटावर बसला. ‘कट नीट दिसत नाही’ म्हणून गार्ड (ब्लेडवरचं झाकण) आणि ब्लेडमागची पट्टी काढून ठेवलेली आहे. मशीन सुरक्षित कसं चालवावं आणि त्याची निगा कशी राखावी, असं विचारलं आहे.

आधी उडालेल्या तुकड्याचं बोलू. कड काळी पडणं दोन दिवस चाललं तरी चालेल. हे आज थांबायला हवं.

मेन ब्लेडचे ऑपरेटरकडचे दाते खाली जातात आणि मागचे दाते वर येतात. लाकूड कापण्याचं काम पुढचे दाते करतात, मागचे दाते त्या फटीतून नुसते फिरत राहायला हवेत. कापलेला तुकडा जरा वाकडा झाला, दबला किंवा फट मिटली, की मागचा दाता त्याला धरून वर उचलतो आणि ब्लेडवरून ऑपरेटरच्या दिशेने फेकतो. ३१५ मि.मी.चं ब्लेड ४००० आरपीएमवर (मिनिटाला ४००० फेरे) फिरत असेल तर दात्याचा वेग सेकंदाला सुमारे ६६ मीटर होतो, म्हणजे ताशी जवळजवळ २४० किलोमीटर. माणसाचा हात किंवा शरीर तेवढ्या वेळात हलतच नाही. त्यामुळे ‘सावध राहा’ या सल्ल्याचा इथे उपयोग नाही. तुकडा मागच्या दात्यांना लागणारच नाही अशी मांडणी कट सुरू होण्याआधी करावी लागते.

तुमच्याकडे नेमकं काय झालं असावं याचा माझा अंदाज सांगतो. आखूड तुकडे एकाच मापाचे काढायचे होते, म्हणून उजव्या बाजूचा फेन्स (माल टेकवायची सरळ पट्टी) माप लावून पुढपर्यंत ठेवला आणि डावीकडून क्रॉसकट फेन्सच्या, म्हणजे सरकत्या टेबलावरच्या आडव्या पट्टीच्या, आधाराने शीट पुढे नेली. कट पूर्ण होताच तुकडा ब्लेड आणि फेन्स यांच्यामध्ये अडकला. साध्या टेबल सॉवरून आलेल्या माणसाला ही सवय हमखास असते. आडवा कट घेताना उजवा फेन्स वापरायचा असेल तर फक्त मापाचा थांबा म्हणून वापरा. त्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सैल करून स्वतःकडे इतकी ओढा, की तिचं पुढचं टोक ब्लेडच्या पहिल्या दात्याच्याही अलीकडे संपेल. मग माप धरेपर्यंत तुकडा फेन्सला टेकलेला असतो आणि ब्लेडपाशी पोचेपर्यंत उजवीकडे मोकळा होतो. त्याहून चांगलं म्हणजे माप डावीकडच्या क्रॉसकट फेन्सवरच्या उलटणाऱ्या स्टॉपवर लावा आणि उजवा फेन्स पूर्ण बाजूला सारा. आखूड तुकड्यांसाठी मी दुसरा पर्याय विचारातही घेत नाही.

आता काढून ठेवलेली पट्टी. ब्लेडच्या मागे उभी असणारी ती वक्र पोलादी पट्टी म्हणजे रायव्हिंग नाइफ. कापलेली फट मिटू नये आणि तुकडा मागच्या दात्यांवर सरकू नये, यासाठी ती असते. ती काढली की तुकडा फेकायला ब्लेड पूर्ण मोकळं होतं. ती बसवताना तीन गोष्टी पाहायच्या. तिची जाडी ब्लेडच्या अंगापेक्षा (दाते सोडून उरलेली चकती) जास्त आणि दात्याच्या रुंदीपेक्षा कमी असावी; अंग २.२ आणि दाता ३.२ मि.मी. असेल तर २.८ची पट्टी बरोबर. ब्लेडपासून तिचं अंतर ३ ते ८ मि.मी. असावं. आणि तिचं टोक ब्लेडच्या सर्वांत वरच्या दात्यापेक्षा साधारण २ मि.मी. खाली असावं, म्हणजे खाचेचा कट घेतानाही ती काढावी लागत नाही. ब्लेडचा व्यास बदलला की पट्टी पुन्हा जुळवायची. ३१५च्या जागी २५० लावलं आणि पट्टी तशीच राहिली, तर मध्ये इतकी फट पडते की पट्टी असून नसल्यासारखी.

गार्डबद्दल ‘दिसत नाही’ ही तक्रार समजते, पण या मशीनवर कट डोळ्यांनी पाहत जायचा नसतोच. माप स्टॉपवर लावलेलं असतं, सरळपणा टेबल देतं. कटकडे बघत राहायची गरज भासते तेव्हा बहुधा माल हाताने वळवला जात असतो, आणि ते इथे चुकीचंच आहे. गार्ड मालाच्या जाडीवर जेमतेम येईल इतकं खाली घ्या. वर उडणारी धूळही तेच ओढून घेतं.

या मशीनची सगळी शिस्त एका गोष्टीतून निघते. बर्लिनमध्ये १९०६ साली विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी सरकत्या टेबलाचा सॉ आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: माल टेबलावर घट्ट बसतो आणि टेबल त्याला ब्लेडपलीकडे नेतं. साध्या टेबल सॉवर हात मालाला ढकलतात, म्हणून कट संपत येतो तसे हात ब्लेडजवळ जातात. इथे हात कट सुरू होण्याआधी जिथे ठेवले, मालाच्या त्याच जागी कट संपेपर्यंत राहतात आणि टेबलाबरोबर पुढे जातात. त्यामुळे हात कुठे आहेत याचा निर्णय ब्लेड बंद असतानाच घेता येतो. कट चालू असताना हात मालावरून सरकवावा लागला, तर मांडणी चुकली असं समजा. टेबल मागे आणा, मशीन थांबवा, नव्याने मांडा.

उभं कुठे राहायचं तेही यातूनच ठरतं. ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे, सरकत्या टेबलाच्या मागे. उजवा हात टेबलाच्या दांड्यावर किंवा मालाच्या मागच्या कडेवर, डावा हात क्रॉसकट फेन्सपाशी. ब्लेडच्या सरळ रेषेत कोणीही उभं नको, समोरून शीट धरणारा मदतनीससुद्धा. मदतनीसाने शीट ओढायची नाही, फक्त खालून आधार द्यायचा. दोघांनी दोन बाजूंनी ओढाताण केली की शीट तिरकी होते आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

लहान तुकड्यांकडे जरा थांबून पाहू, कारण बोटं जातात ती तिथेच. पूर्ण शीट कापताना कोणी बोट गमावल्याचं क्वचित ऐकू येतं. शीट मोठी असते, हात आपसूक लांब असतात. दीडशे मि.मी. लांब आणि साठ मि.मी. रुंद तुकड्याचं टोक छाटायचं असतं, तेव्हा माणूस ‘एवढंच तर आहे’ म्हणून तो चिमटीत धरतो.

यासाठी जर्मन सुतारांनी दोन साधे लाकडी ठोकळे रूढ केले आहेत, ‘फ्रिट्झ आणि फ्रान्झ’ या नावाने ते ओळखले जातात. प्लायचे दोन ठोकळे घ्या, साधारण ३०० मि.मी. लांब, उंची तुमच्या मुठीला सोयीची. एक ठोकळा सरकत्या टेबलाच्या पुढच्या भागात आडवा बसतो, टेबलाच्या खाचेत अडकणाऱ्या पट्टीने पक्का. दुसऱ्याच्या खाली त्याच खाचेत सैलसर सरकणारी पट्टी लावा आणि वर धरायला मूठ. दोन्हींच्या समोरासमोरच्या तोंडांवर सॅंडपेपर चिकटवा. तुकडा दोघांच्या मध्ये ठेवायचा, मागचा ठोकळा पुढे दाबायचा, आणि तोच दाब कायम ठेवून टेबल पुढे न्यायचं. तुकडा दोन्हीकडून चिमटला जातो, सॅंडपेपर त्याला घसरू देत नाही, आणि दोन्ही हात ठोकळ्यांवर, ब्लेडपासून हातभर लांब असतात. पहिल्यांदा वापरताना कट घेण्याआधी मशीन बंद ठेवून एकदा पूर्ण फेरी मारून पाहा: ठोकळ्याचं तोंड ब्लेडला लागतं का, मूठ गार्डला धडकते का. आगपेटीएवढा तुकडाही असा निर्धास्त कापता येतो. हे ठोकळे करायला एक दुपार पुरते. नवीन मशीनवर पहिलं काम कोणतं करावं असं विचाराल तर मी हेच सांगेन.

अरुंद पट्ट्या फाडताना डोळे झाकून उजव्या फेन्सकडे वळू नका. ८० मि.मी. रुंदीची पट्टी फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये काढायची म्हणजे हात त्या बोळात घालायचा. त्यापेक्षा पट्टी डावीकडे, टेबलावर काढा. मालाच्या दोन्ही टोकांना सारख्या मापाचे थांबे लावले, एक क्रॉसकट फेन्सवर आणि दुसरा टेबलाच्या पुढच्या टोकाला, की पट्टी समांतर निघते आणि हात ब्लेडच्या आसपास येतच नाही. फेन्सनेच फाडायचं असेल तर १२० मि.मी.पेक्षा कमी रुंदीला पुश स्टिक (माल ढकलायची काठी) सक्तीची. तिची लांबी किमान ४५० मि.मी. हवी आणि टोकाला मालाचा कोपरा पकडणारी खाच. ती फेन्सवरच अडकवलेली असू द्या. शोधावी लागली तर कोणी वापरत नाही.

वाकड्या कडेची फळी सरळ करायची असेल तर टेबलाच्या पुढच्या टोकाला तिचं पुढचं टोक दाबून धरणारा क्लॅम्पिंग शू लावा आणि मागचं टोक क्लॅम्पने पकडा. वाकडी कड फेन्सला टेकवून फाडायला जाऊ नका. फळी चालता चालता डोलते आणि ब्लेडला आवळते.

हातमोजे ब्लेड फिरत असताना नकोत. शीट उचलताना घाला, मशीन सुरू करताना काढा. सैल बाह्या, गळ्यातलं, मनगटातलं, लोंबणारी ओढणी, ओळखपत्राची दोरी, सगळं दूर. कापलेला तुकडा ब्लेडशेजारी पडून राहिला तर तो हाताने उचलायचा नाही. स्टॉप दाबा, ब्लेड थांबू द्या. युरोपीय सुरक्षा मानकानुसार ब्लेड १० सेकंदांत थांबायला हवं. तुमचं त्याहून जास्त वेळ फिरत राहत असेल तर ब्रेक तपासून घ्या. त्या रेंगाळणाऱ्या, आवाज न करणाऱ्या ब्लेडवर हात जातो, कारण कानाला ते बंद झाल्यासारखं वाटतं.

आता काळी कड. याची कारणं चार असू शकतात आणि ती या क्रमाने तपासावीत. पहिलं, ब्लेड बोथट आहे किंवा त्यावर राळ साचली आहे. दुसरं, चुकीचं ब्लेड आहे. ९६ दात्यांचं लॅमिनेटचं ब्लेड सॉलिड लाकूड रेषेच्या दिशेने फाडायला लावलं तर दात्यांमधल्या खोबणी भुशाने भरतात, भुसा बाहेर पडत नाही, घासतो आणि जळतो. फाडायला ३०० मि.मी. व्यासात २४ ते २८ दाते पुरतात. तिसरं, लाकडातच ताण आहे. नीट न वाळलेली फळी कापताना फाकते किंवा मिटते, त्याला रायव्हिंग नाइफ हवीच. शिवाय सॉलिड लाकूड फाडताना फेन्सची पट्टी ब्लेडच्या मध्यापर्यंतच ठेवायची, म्हणजे फाकणाऱ्या लाकडाला उजवीकडे जायला जागा मिळते. पूर्ण लांबीचा फेन्स प्लाय आणि एमडीएफसाठी. चौथं कारण सगळ्यांत शेवटी तपासायचं, कारण तिथे मशीनच्या मूळ सेटिंगला हात लावावा लागतो: टेबलाची चाल आणि ब्लेड यांचा मेळ.

चांगल्या मशीनवर टेबलाची चाल ब्लेडला अगदी समांतर नसते. मागच्या दात्यांना सुमारे ०.०५ ते ०.१ मि.मी. मोकळीक दिलेली असते, जेणेकरून पुढच्या दात्याने कापलेली कड मागच्याने पुन्हा घासू नये. हे ओळखायला गेजही (बारीक अंतर मोजायचं उपकरण) लागत नाही. एमडीएफचा एक तुकडा टेबलावर घट्ट पकडून कापा आणि डावीकडच्या तुकड्याची कड तिरप्या उजेडात धरा. दात्यांच्या कमानी एकाच दिशेच्या दिसत असतील तर ठीक. एकमेकींना छेदणाऱ्या ठळक कमानी दिसल्या तर मागचे दातेही कड खात आहेत. मग गेजने मोजा. मेन स्विच बंद करून कुलूप लावा, सरकत्या टेबलावर डायल गेज बसवा, ब्लेडच्या एका दात्यावर मार्करने खूण करा. तो दाता पुढे असताना ब्लेडच्या अंगावर त्याच्या मुळाशी गेज टेकवून आकडा घ्या, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दाता मागे आणा, टेबल सरकवून पुन्हा त्याच ठिकाणी आकडा घ्या. दाता तोच ठेवल्याने ब्लेडचं स्वतःचं वाकडेपण मोजमापात मिसळत नाही. फरक जास्त निघाला तर माहितीपुस्तिकेतल्या क्रमानेच स्क्रू हलवा. अंदाजाने चार स्क्रू फिरवून मूळ सेटिंग गमावलेली मशीनं पुन्हा जाग्यावर आणायला फार वेळ जातो. उजवा फेन्सही मागच्या टोकाला कागदाच्या जाडीएवढा उघडा हवा. तो मागे मिटत असेल तर काळी कड आणि उडणारा तुकडा, दोन्ही एकाच कारणाने होतात.

मोजण्याआधी फ्लॅंज पुसायला विसरू नका. ब्लेड आवळणाऱ्या त्या दोन चकत्यांमध्ये भुशाचा कण किंवा राळेचा ठिपका राहिला, की तिथली ०.०२ मि.मी.ची चूक ब्लेडच्या कडेला कित्येक पटींनी वाढून दिसते. ब्लेड बदलताना दर वेळी फ्लॅंजची दोन्ही तोंडं आणि ब्लेडची बैठक कोरड्या फडक्याने पुसा, नखाने चाचपून पाहा. नट ब्लेड फिरतं त्याच दिशेला सैल होतो हे नव्या मुलाला दाखवून ठेवा. उलट्या दिशेला जोर लावून पाना सटकला की पंजा दात्यांवर येतो. आणि ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम वाचूनच मशीनची गती निवडा. ४०० मि.मी.चं ब्लेड ५००० वर चालवलं तर दात्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. पॅनलच्या कामाला ६० ते ८० मीटर पुरतात.

चिपिंगची तक्रार बहुतेक वेळा स्कोरिंग ब्लेडपाशी सुटते. मेन ब्लेडचा दाता शीटच्या तळातून बाहेर पडताना लॅमिनेट खाली ढकलतो, म्हणून ते तुटतं. त्याच्या पुढे बसवलेलं लहान स्कोरिंग ब्लेड उलट दिशेने, ८००० आरपीएमच्या आसपास फिरतं आणि तळातून आत शिरत आधीच रेघ पाडून ठेवतं. मेन ब्लेड त्या रेघेच्या आतून गेलं की तोडायला काही उरत नाही. म्हणून रेघ मेन ब्लेडच्या कटापेक्षा ०.१ ते ०.२ मि.मी. रुंद हवी, दोन्ही बाजूंना सारखी, आणि खोली १ ते २ मि.मी. खोली वाढवून चिपिंग जात नाही. उलट स्कोरिंग ब्लेड चालीच्या दिशेनेच फिरत असल्याने जास्त खोल गेलं तर माल पुढे ओढतं.

कड नीट वाचली तर कारण सापडतं. एकाच बाजूला चिपत असेल तर स्कोरिंग ब्लेड दुसऱ्या बाजूला सरकलेलं आहे, बाहेरून हलवायच्या नॉबने किंचित आणा. दोन्ही बाजूंना चिपत असेल तर रेघ अरुंद पडते. दाते निमुळते असतील तर ब्लेड जरा वर घेतल्याने रेघ रुंद होते, दोन तुकड्यांचं असेल तर मध्ये शिम (पातळ चकती) घालावी लागते. मधेच काही अंतर चिपून पुढे साफ होत असेल, तर शीट फुगलेली आहे आणि तिथे टेबलावरून उचलली जाते. स्कोरिंगला हात लावू नका, शीट दाबून धरा. वरची कड चिपत असेल तर दोष मेन ब्लेडचा. धार किंवा दात्याचा आकार पाहा. लॅमिनेटला एक दाता सपाट आणि एक वरून छाटलेला अशी जोडी चांगली चालते. ब्लेडची उंचीही पाहा. ते मालाच्या वर १० ते १५ मि.मी. असावं.

काटकोनाबद्दल विचारलं नव्हतं, तरी सांगतो. गुण्या लावून क्रॉसकट फेन्स तपासणं पुरेसं नाही, गुण्या लहान असतो. एक मीटर चौरस एमडीएफ घ्या. पहिली बाजू छाटा, ती कापलेली बाजू फेन्सला लावून दुसरी छाटा, असं एकाच दिशेने फिरवत चारही बाजू घ्या. पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची सुमारे २० मि.मी. रुंद पट्टी काढा आणि तिची रुंदी दोन्ही टोकांना कॅलिपरने मोजा. चार वळणांत चूक चारपट झालेली असते, म्हणून फरकाला चारने भागा. ०.४ मि.मी. फरक आला तर मीटरला ०.१ची चूक आहे, कपाटाच्या कामाला ती चालते. शीट चढवताना आधी तिची कड टेबलावर टेकवा, मग आडवी करा. १८ मि.मी. जाडीची २४४० बाय १२२० एमडीएफची शीट सुमारे ४० किलोची असते. ती बाहेरच्या आधार-टेबलावर आदळत राहिली की काटकोन बिघडतो आणि दोष फेन्सच्या स्क्रूला दिला जातो.

रोजच्या देखभालीत सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे सरकत्या टेबलाचे मार्ग. तिथे तेल किंवा ग्रीस ओतू नका. भुसा तेलाला चिकटून घट्ट लेप तयार होतो, रोलर त्यावरून चढतात आणि टेबल तिथे किंचित उडी मारतं. कटमध्ये दर शीटला त्याच अंतरावर बारीक पायरी दिसली तर ब्लेडला दोष देण्याआधी टेबल पूर्ण पुढे सारून मार्गावर बोट फिरवा. सुकलेला एक डाग पुरतो. कोरड्या फडक्याने रोज पुसायचं. मार्ग पोलादी असतील आणि हवा दमट असेल तर फडक्याला तेलाचा हात लावून पुसा आणि लगेच कोरडं करा. टोकांचे ब्रश आणि फेल्ट झिजले की बदला, ते स्वस्त असतात आणि रोलर महाग. टेबलाच्या पृष्ठभागाला सिलिकॉनचा स्प्रे कधीही नको. ते लाकडावर चढतं आणि पॉलिश किंवा लॅकर त्या जागी धरत नाही, डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. साधं पॅराफिन मेण चालतं.

आठवड्यातून एकदा खालचं कव्हर उघडून आतला भुसा ओढून काढा. कलण्याचे कमानी मार्ग आणि उंचीचा स्क्रू साफ करा, ब्लेड ४५ अंशांपर्यंत आणि पूर्ण उंचीपर्यंत एकदा नेऊन आणा. न हलवलेले स्क्रू भुशाने जाम होतात. कललेल्या ब्लेडने कापताना एक काळजी: ब्लेड फेन्सकडे कलत असेल तर त्या दोघांमधला तुकडा ब्लेडखाली पाचरीसारखा अडकतो, म्हणून असा कट टेबलाच्या बाजूने घ्या. पट्टे सैल असतील तर जाड मालात मोटरचा आवाज तोच राहून ब्लेड मंदावतं, आणि रबराचा वास येतो. इलेक्ट्रिकल पॅनल बंद ठेवा. आतली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, व्हॅक्यूमने ओढा. दोन्ही आपत्कालीन स्टॉप आणि दरवाजाचा स्विच आठवड्याला दाबून पाहा.

धुळीकडे सवयीने दुर्लक्ष होतं. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली जाहीर केलं आहे. खालून आणि गार्डमधून, दोन्हीकडून ओढ हवी, नळीत हवेचा वेग सेकंदाला २० मीटर असावा. मास्क ओढीला जोड म्हणून वापरायचा, ओढीच्या जागी नव्हे. कानाला मफ रोज.

हात जवळ आला की कॅमेऱ्याने ओळखून ब्लेड क्षणात खाली घेणारी मशीनं आता मिळतात. परवडत असेल तर जरूर घ्या. फेकलेल्या तुकड्यापासून मात्र ती वाचवत नाहीत, तिथे वर सांगितलेलंच लागतं.

धार कधी लावायची याला दिवस मोजून उत्तर नाही, मालावर ते ठरतं. ढकलायला जास्त जोर लागायला लागला, आवाज खरखरीत झाला, वरची कड चिपायला लागली, की ब्लेड उतरवा. आधी राळ काढा. सौम्य क्लीनरमध्ये थोडा वेळ भिजवून मऊ ब्रशने घासलं की पुष्कळदा धार अजून शिल्लक असल्याचं दिसतं. राळ जाळून काढू नका, उष्णतेने दात्यांचा जोड सैल होतो. धारेला देताना मेन आणि स्कोरिंग ब्लेड जोडीनेच द्या आणि परत आल्यावर दोन्हींच्या दात्यांची रुंदी मोजून घ्या. धार लावली की रुंदी कमी होते, म्हणून स्कोरिंगची रेघ पुन्हा जुळवावी लागते. ब्लेडच्या अंगावर केसाएवढीही भेग दिसली तर ते धारेला देऊच नका, हातोड्याने वाकवून भंगारात टाका, म्हणजे दुसरं कोणी चुकून लावणार नाही.